शरदातील काठी

आषाढातल्या एका पावसाळी रात्री वडील गेले. मी नाशिकहून तळोद्याला पोचले तेव्हा सारे उरकले होते. ओसरीवर भिंतीला टेकून आई बसली होती. "उशीर झाला ग तुला," एवढे जरी ती म्हणाली असती तरी मला बरे वाटले असते. ती काहीच म्हणाली नाही. पुढचे तीन महिनेही ती फारशी बोलली नाही. विचारले तर उत्तर देई, स्वयंपाक करी, तिन्हीसांजेला दिवा लावी. पण वडिलांचा विषय निघाला की उठून आत जाई. तिचा हा अबोला म्हणजे माझ्यावरचा ठपकाच आहे, असे मी मनोमन धरून चालले होते.

कोजागरी उलटल्यावर धाकट्या भावाने सहज विचारले, "आई, काठीला जाऊन यायचं का?" तिने मान हलवली. आम्ही दोघे भावंडे एकमेकांकडे पाहतच राहिलो.

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या डोंगरांत वसलेले गाव. वडील या परिसरात शिक्षक म्हणून आले तेव्हा हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. लग्नानंतरची पहिली सहा वर्षे आईने इथेच काढली. मी पहिले पाऊल इथेच टाकले म्हणतात. मला अर्थातच त्यातले काही आठवत नाही. बाहेरच्या जगाला काठी ठाऊक आहे ती तिथल्या राजवाडी होळीमुळे. फाल्गुनात डोंगरपाड्यांवरून माणसे लोटतात, उंच बांबूचा दांडा उभा राहतो, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरे आणि सुकलेले भोपळे बांधलेले नर्तक रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. हा सोहळा पाहून परतलेल्याला आपण काठी पाहिली असे वाटते. ते खरे नव्हे. गावाला स्वतःच्या कामात गुंतलेले पाहायचे तर आश्विनात जावे. त्या दिवसांत तिथे मुद्दाम कोणी जात नाही.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून आम्ही मोलगीच्या बाजूला आलो. आकाश धुतल्यासारखे निळे होते आणि उतारावरचे गवत शेंड्याकडून पिवळे पडू लागले होते. काठीला गाडी उभी करून आम्ही एका पाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेने निघालो. पुढे भाऊ आणि माझी बारा वर्षांची मुलगी, मागे मी आणि आई. दिवाळी जवळ आली होती, म्हणून भाऊ भाचीला अस्तंब्याच्या यात्रेविषयी सांगत होता. दिवाळीच्या दिवसांत हजारो लोक तो डोंगर चढतात, आणि कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा तिथे अजून फिरतो अशी श्रद्धा आहे. "मग त्याला कोणी तेल देतं का?" मुलीने विचारले. भावाला उत्तर सुचले नाही.

निसर्गाच्या सहवासात दुःख हलके होते, असे आपण पुष्कळ वाचलेले असते. मला त्या दिवशी, निदान पहिल्या तासाभरात तरी, तसे काही जाणवले नाही. डोंगराला आमची दखल नव्हती. ज्वारी कणसांवर आली होती, तुरीला फुले धरली होती, शेताशेतांतून माणसे कापणीला वाकलेली होती. कवितेतला शरद चांदण्याचा आणि कमळांचा असतो. इथला शरद विळ्याचा होता. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे दर वळणावर थांबावे लागे. चालण्याचा वेग तिचा होता आणि तो आम्ही निमूटपणे स्वीकारला होता.

एका उतरत्या शेताशी ती आपणहून थांबली. गुडघ्याएवढे पीक, बारीक दाण्यांच्या लोंब्या भाराने वाकलेल्या. "हे मोर," ती म्हणाली.

"मोर? कुठे आहे?" माझी मुलगी चवड्यांवर उभी राहून झाडांत पाहू लागली.

आणि आई हसली. तीन महिन्यांत प्रथमच. "अग, हे पीकच मोर. आपण उपासाला भगर खातो ना, ती ही." नाशिकच्या गिरण्यांतून पांढरीशुभ्र होऊन येणारी भगर, पुण्याकडची वरई, खानदेशातले मोरधन, तेच इथल्या उतारावरचे मोर, हे मला माहीत होते. पण पुढचे मी कधी ऐकले नव्हते. "मी नवी नवी आले तेव्हा शेजारीण रोज हेच रांधायची. मी हिला विचारलं, तुमचा रोजच उपास असतो का? ती इतकी हसली! संध्याकाळी यांनाही सांगितलं. तर हे म्हणाले, देवाला आपण वर्षातून चार दिवस जे खाऊन दाखवतो, ते हे लोक रोज खातात."

'यांना' हा शब्द तिच्या तोंडून निघाला होता. मी श्वास रोखून उभी होते.

पुढे मोहाचे एक मोठे झाड होते. त्याच्या सावलीत ती बसली. मुलगी आणि भाऊ शेताच्या बांधावर रेंगाळले. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, आई म्हणाली, "त्या रात्री फोन मीच करू दिला नाही. संध्याकाळी यांनीच सांगितलं होतं, पाऊस फार आहे, पोरीला रात्रीची निघू देऊ नका. मी ते धरून बसले. पहाटे कळवलं. तोवर..." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "तुला त्यांचं तोंड पाहायला मिळालं नाही ते माझ्यामुळे."

ज्याला मी ठपका समजत होते, तो तिने स्वतःवर ठेवला होता. आणि एकाच घरात आम्ही दोघी त्याच्याखाली वेगवेगळ्या बसलो होतो. काय बोलावे ते मला सुचेना. मी तिचा हात हातात घेतला. तिनेही तो सोडवून घेतला नाही. खाली शेतात विळ्यांचा करकर आवाज चालू होता.

शेतातली एक वृद्धा बांधापर्यंत आली, आईला न्याहाळत राहिली, आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारती झाली, "गुरुजींच्या घरची?" आईने मान डोलावली. "गुरुजी?" आईने हाताने 'नाही' अशी खूण केली. म्हातारी तिच्याशेजारी बसली. दोघी बराच वेळ काही न बोलता खालच्या दरीकडे पाहत होत्या. उठताना तिने लोंब्यांची एक जुडी माझ्या मुलीच्या हातात दिली.

उतरताना आई नातीचा हात धरून पुढे चालली होती आणि तिला सांगत होती, आजोबा याच वाटेने तुझ्या आईला खांद्यावर घेऊन येत. गाडीत बसल्यावर तिने भावाला सांगितले, "मोलगीला थांब रे. भगर घ्यायची आहे. घरची संपली, आणि कार्तिकी एकादशी येते आहे."