आगोट आणि चिल्लई कलान

भाट्ये, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,


जावईबापूंची बदली श्रीनगरला झाल्याचं कळल्यापासून इथे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "एवढीशी पोरं आणि बर्फात!" बोलणाऱ्यांनी बर्फ पाहिलाय तो सिनेमात. पारा अठरा-एकोणीसवर आला की भाट्याच्या सुरूबनात फिरायला येणारे कानाला मफलर गुंडाळतात, त्यांच्या मताला किती किंमत द्यायची ते तूच ठरव. त्यापेक्षा तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं वाढवणारी माणसं हिवाळा कसा काढतात ते बघितलेलं बरं.

काश्मीरच्या हिवाळ्याला तारखा असतात. २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, तो चाळीस दिवसांचा. त्याच्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. या सत्तर दिवसांची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. बायका दुधी, वांगी, टोमॅटो, सलगम चिरून उन्हात घालतात. वांग्या-दुधीच्या माळा खिडक्यांना लटकतात. मासळीसुद्धा धुरावर सुकवून ठेवतात. रस्ता बंद पडला की हीच भाजी आणि हेच कालवण.

म्हणजे आपली आगोटच की! इथे मे महिन्यात अंगणात आंब्याची साठं, फणसपोळ्या, कोकमं, सोडे वाळतात ते कशासाठी? चार महिने पाऊस कोसळत असताना ओल्या कपड्यांच्या वासात, वीज गेलेल्या घरात पोरं सांभाळायची सवय तुला लहानपणापासून आहे. तिथल्या शाळा डिसेंबरपासून थेट फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतात, म्हणजे थोरला दिवसभर घरात. सापशिडी आणि पत्ते इथूनच घेऊन जा.

मराठी शेजार मिळेल का, असं तू विचारलं होतंस. मिळेल. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभर पसरलेत, तसे श्रीनगरच्या सराफ बाजारातही आहेत. ते तिथे गणपती बसवतात आणि झेलममध्ये विसर्जन करतात. दुष्काळी माणदेशातून बर्फात गेलेल्या या बायकांना नळ गोठू नये म्हणून काय करायचं आणि लंगोट वाळवायचे कुठे, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असणार. पहिल्याच आठवड्यात त्यांची ओळख काढ.

संक्रांत चिल्लई कलानच्या ऐन भरात येते. २०२१ साली नेमकी १४ जानेवारीलाच श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला होता. तीस वर्षांत एवढी थंडी पडली नव्हती. त्याआधी १९९१ मध्ये तो उणे ११.८ पर्यंत उतरला होता. तीळ, गूळ, काळं झबलं हा सगळा आपला थाट खरं तर अशाच हवेसाठी शोभतो. धाकट्याचं पहिलं बोरन्हाण तिथेच होऊ दे. बोरं मिळणार नाहीत, तर चुरमुऱ्यांवर भागव. अक्रोड मुबलक मिळतात म्हणून ते मात्र त्याच्या डोक्यावर ओतू नकोस.

आता जरा गंभीर. बर्फाची भीती सगळ्यांना वाटते, पण लहान मुलांना खरा धोका आहे तो विस्तवाचा. कांगडी म्हणजे विणलेल्या टोपलीतलं मातीचं भांडं, आत निखारे. मोठी माणसं ती फेरनच्या, म्हणजे ढगळ अंगरख्याच्या, आत पोटाशी धरून हिंडतात. त्या रोजच्या धगीने पोटा-मांड्यांच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्म्सली नावाच्या मिशनरी डॉक्टराने १८६६ मध्येच केली होती. रांगत्या पोराच्या घरात तर कांगडी जमिनीवर टेकवूच नये.

त्याहून वाईट आहे तो बंद खोलीतला गुदमर. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याच्या घरात राहणारे नवरा-बायको आणि त्यांची तीन मुलं एकाच वेळी दगावली. खोली गरम ठेवण्याच्या साधनामुळे दम कोंडला, असं तेव्हा सांगितलं गेलं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. म्हणून बुखारी, म्हणजे तिथली लाकडाची शेगडी, असो की गॅसचा हीटर, विझवल्याशिवाय झोपायचं नाही आणि खिडकीला बोटभर फट ठेवायचीच, कितीही गारठा येवो. घर बघताना हमाम असलेलं बघा. त्यात दगडी फरशीखाली लाकडं जळतात आणि धूर धुराड्यातून बाहेर जातो. भाडं थोडं चढं पडलं तरी पडू दे.

पोरांना एकच जाड कोट नको, पातळ कपड्यांचे थर घाल. झोपताना तोंडावर पांघरूण नको. मानेवर हात लावून बघ, घाम असेल तर एक थर काढ. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारून घे. आणि थोरल्याला पत्र्याच्या उतरत्या छपराखाली बर्फाचा माणूस करायला बसू देऊ नकोस, वरचा ढीग एकदम खाली घसरतो.

एक गंमत सांगते. बर्फ पडतो त्या ढगाळ रात्री त्यामानाने ऊबदार असतात. आभाळ निरभ्र असलं की पारा कोसळतो. जानेवारी २०२४ मध्ये महिनाभर कोरडं पडलं, गुलमर्गसुद्धा बोडकं होतं, तेव्हा तिथले लोक बर्फासाठी प्रार्थना करत होते. आपण पावसासाठी करतो तशीच.

रस्त्याची काळजी पूर्वीइतकी राहिली नाही. जम्मूचा महामार्ग रामबनजवळ दरडींनी अजून अडतो, पण जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे धावते. त्या वाटेवरचा ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल उभारून घेण्याचं काम आपल्या कोकण रेल्वेकडे होतं, हे इथल्या मफलरवाल्यांना मुद्दाम ऐकवलं.

कुळथाचं पीठ, सोडे आणि हलव्याचे दागिने नोव्हेंबरअखेर पार्सलने पाठवते. दागिन्यांसाठी धाकट्याच्या डोक्याचा घेर आणि मनगटाचं माप दोऱ्याने घेऊन कळव.

तुझी,
मावशी