त्याग कुणाचा?

शनिवारी अकोल्याला (नगरचं अकोले हो, विदर्भातलं नव्हे!) घरी आलो आणि 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं.

ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. जात, नातीगोती सुटली. १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. ख्रिस्तासाठी सोडणं हीच त्यांची मोकळीक. पण किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली, आणि तीही त्यांना न विचारता! तरी त्या लगेच नवऱ्यामागे गेल्या नाहीत. स्वतः विचार करून आधी सोवळं सोडलं, मग पाचेक वर्षांनी बाप्तिस्मा घेतला.

क्रूसावरचं मरण येशूने स्वेच्छेने पत्करलं, म्हणून ख्रिस्ती माणूस त्यात मुक्ती पाहतो. दुसऱ्यावर लादला तर तो त्याग कसला?

माझा राजीनाम्याचा मेल महिनाभर ड्राफ्टमध्ये पडून आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. आज विचारतो.