हरभरा घरात आला की चला रानाकडे

वाचकहो, फाल्गुन लागला की आपल्याला थोडी उसंत मिळते. तूर केव्हाच पोत्यात गेलेली असते, हरभरा घरात आलेला असतो, गव्हाची कापणी कुठे झालेली, कुठे व्हायची असते. उन्हाळी पीक ज्याच्या रानात उभे नाही, त्याला होळी ते पाडवा या काळात चार-पाच दिवस सहज काढता येतात. हे दिवस बहुधा लग्नकार्यात नाहीतर देवदर्शनात जातात. तेही हवेच. पण या वर्षी एक फेरी जंगलाची करा, असे मी सुचवतो. पेंच, नवेगाव आणि ताडोबा, अशी विदर्भातली तीन राष्ट्रीय उद्याने एकाच फेरीत होतात.

"साहेब, जंगल बघायला पैसे खर्चून कशाला जायचे? ते रोज रात्री आमच्या शेतात येतेच की!" हे उत्तर मला नवीन नाही. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेले हरभऱ्याचे पट्टे माझ्या नोकरीत मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि माळ्यावर बसून जागली करणाऱ्या माणसाला जंगलाचे कौतुक सांगण्याइतका मी भाबडा नाही. पण गंमत अशी की जंगलाची किंमत शेतकरी मोजतो आणि जिप्सीत बसून ते बघतो शहरातला माणूस. एकदा आपणही त्या गाडीत बसावे. शेतकऱ्याची नजर घेऊन बसलात तर शेजारच्या पाहुण्यापेक्षा तुम्हाला चौपट दिसेल.

आधी घरची व्यवस्था. गुरांचे वैरण-पाणी आणि धारा कोण काढणार हा पहिला प्रश्न असतो, आणि त्यावर अडून निम्मी घरे बाहेरच पडत नाहीत. दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीने जावे. एका जिप्सीत सहा प्रवासी बसतात, तेव्हा दोन घरांची माणसे एकत्र गेली की खर्चही वाटला जातो. आरक्षण ऑनलाईन असते आणि ते आधीच करावे लागते. घरातले शिकलेले पोर हे काम मोबाईलवर करील. शनिवार-रविवार टाळा, कारण ताडोब्याला त्या दिवशी दर जास्त आणि गर्दीही जास्त. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो, इतर ठिकाणचा सुट्टीचा वार आरक्षण करतानाच विचारून घ्या. प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत हवे. एप्रिलवर ढकलू नका. चंद्रपूरचे ऊन म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना सोसण्यासारखे नसते.

आणखी एक सूचना, गाडी चालवणाऱ्यासाठी. या फेरीत नवेगाव नावाची तीन ठिकाणे भेटतात. पेंचच्या खाली नवेगाव खैरीचे धरण, गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध, आणि ताडोब्याचे नवेगाव प्रवेशद्वार. रस्ता विचारताना पूर्ण नाव सांगा, नाहीतर दिवस वाया जाईल.

पहिला मुक्काम पेंचचा. नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाने सुमारे ७० किलोमीटरवर सिल्लारीचे प्रवेशद्वार आहे. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ साली व्याघ्र प्रकल्प. याच महामार्गावर जंगलाच्या भागात रस्ता खांबांवर उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. मुलांना ते आवर्जून दाखवा.

पेंचमध्ये मी आधी पाणी बघायला सांगेन. जंगलातून येणारी पेंच नदी तोतलाडोहला अडवली आहे. तेथून सुटलेले पाणी नवेगाव खैरीला येते, आणि पुढे नागपूर शहराच्या नळाला व पारशिवनी, रामटेक, मौदा या भागातील शेतांना जाते. नदीच्या दोन्ही अंगांच्या टेकड्या बघा. या दिवसांत साग उघडा पडलेला असतो आणि खाली पाचोळ्याचा जाड थर असतो. पावसाचा थेंब त्या थरावर पडतो, मातीवर नाही. बांधबंदिस्तीच्या सभांतून आम्ही तासभर जे समजावतो ते इथे एका नजरेत समजते. मधूनच काळा, जळालेला पट्टा दिसेल. तो वणवा नव्हे. वणवा पुढे पसरू नये म्हणून वनखाते आधीच गवत जाळून ठेवते, ती जाळरेषा. आपण धुरा पेटवतो तेव्हा अशी रेषा आधी आखतो का, हे ज्याचे त्याने आठवावे.

झाडे मात्र डोळे भरून पाहा. पळस पेटलेला असतो, काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा असतो, कुसुमाला तांबडी पालवी फुटते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तर कांडोळाचे खोड इतके पांढरे की चांदण्यात भुतासारखे दिसावे. मार्चअखेरीस मोह गळू लागतो. जाता जाता सांगतो, २०२४ साली पेंचला देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे तारे पाहण्यासाठी राखलेले काळोखे आकाश, असा मान मिळाला. ज्यांच्या अंगणात अजून आकाशगंगा दिसते त्यांनी हसून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी रामटेकहून भंडारा गाठा आणि पुढे साकोलीवरून नवेगावबांध. हे माझे सर्वांत आवडते ठिकाण. वाघाच्या मागे लागलेले लोक याला वगळतात, तुम्ही वगळू नका. इथला विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. इंजिनिअर नाही, सिमेंट नाही. डोंगरांच्या मधल्या खिंडी नेमक्या हेरून मातीचे बांध घातले आणि पाणी उभे केले. कोहळी समाजाने भंडारा-गोंदिया भागात असे तलाव जागोजाग बांधले. त्यांनाच आज आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. शेतीसाठी बांधलेला तलाव, आणि त्याच्या भोवतीचे रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पाटलाच्या कामावर आज पाखरांचे संमेलन भरते! परदेशी बदके मार्च सरता सरता परत जातात, म्हणून होळीच्या सुमारास गेलात तर काही भेटतील. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि या दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. २०२५ साली ते गेले.

याच जिल्ह्यात सारस पक्षी आहे. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः गोंदियाच्या धानपट्ट्यात. पावसाळ्यात तो चक्क धानाच्या बांधीत घरटे घालतो, आणि तेवढा तुकडा न कापता सोडणारे शेतकरी इथे आहेत. तळ्याकाठी भल्या सकाळी जोडी दिसली तर लांबूनच पाहा.

तिसरा दिवस प्रवासाचा. अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, चंद्रपूर असा धानाच्या मुलखातून रस्ता जातो. नागभीड तालुक्यातले नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचे गाव. दीड एकराच्या या शेतकऱ्याने १९८३ साली पटेल-३ धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या जपून वेगळ्या पेरल्या आणि त्यातून एचएमटी हे वाण उभे केले. नाव ठेवले त्या काळच्या घड्याळावरून. २०१८ साली ते वारले, पण त्यांचा तांदूळ तुमच्या-आमच्या ताटात आहे. पुढे सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. आधी कळवून गेलात तर तासाभरात बरेच विचारून घेता येईल.

याच सिंदेवाही तालुक्यात २०२५ च्या मे महिन्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हे लिहायचे की नाही याचा मी विचार केला, आणि लिहिलेच पाहिजे असे ठरवले. मोहफुले आणि तेंदूपाने ही इथल्या घरांची उन्हाळ्याची मिळकत. ती गोळा करायला पहाटे, वाकून, पानांच्या आडोशाने काम करावे लागते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. तुम्ही जिप्सीतून ज्या वाघाला पाहून हरखाल, त्याच्या शेजारी राहणे म्हणजे काय हे या गावांना विचारा. चहाच्या टपरीवर थांबा आणि नुसते ऐका. पावणे होऊन सल्ला देऊ नका. मूल ते चंद्रपूर रस्ता जंगलातून जातो, तो दिवेलागणीच्या आत पार करा.

चंद्रपूरहून मोहर्ली सुमारे ३० किलोमीटर. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. नाव तारू या गोंड वीराचे. वाघाशी झुंजताना तो पडला असे सांगतात, आणि तळ्याकाठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे. त्याच तळ्यात मगरी आहेत. गाभ्यात मोबाईल नेता येत नाही, हे एका परीने बरेच आहे. पैशाची ओढ असेल तर आगरझरी किंवा जुनोना या बफर भागातून फेरी घ्या. इथे वाटाड्या म्हणून गावातल्या मुलीही काम करतात. आपल्या लेकीला त्यांच्याशी बोलू द्या.

वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. चालक मग नुसता धावत सुटतो आणि हाती धूळ येते. त्यापेक्षा तळ्यावर गाडी थांबवायला सांगा. रानडुक्कर तुम्ही आजवर टॉर्चच्या उजेडात पळताना पाहिले असेल. इथे ते भर दुपारी चिखलात लोळताना, कंद उकरताना दिसेल, आणि रानकुत्र्यांची चाहूल लागताच त्याचे कान कसे उभे राहतात तेही दिसेल. हेच जनावर आपल्या शेतात इतके निर्धास्त का वागते, ते तिथे कळेल. शेतात त्याला कोणी खाणारे नसते.

जामणी आणि नवेगाव ही गाभ्यातली गावे बाहेर वसवली गेली. जिथे वखर चालत होता तिथे आज गवताची कुरणे आहेत आणि चितळांचे कळप चरतात. सगळे पर्यटक तिथे दुर्बिणी सरसावतात. तुम्ही जमिनीकडे पाहा. बांधांच्या खुणा शोधा, उतार कुठल्या अंगाला आहे ते बघा, आणि इथले लोक आता कुठे राहतात, त्यांना कशी जमीन मिळाली, पाणी लागले का, हे वाटाड्याला विचारा. तो त्या भागातलाच असतो, त्याला ठाऊक असते.

परतीचा रस्ता वरोऱ्यावरून नागपूरला जातो. वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आहे, तिथली शेती पाहायला दोन तास ठेवा. वऱ्हाडातल्या वाचकांनी मेळघाट याच फेरीत कोंबू नये. तो पश्चिमेला दूर आहे. परतवाड्याहून सेमाडोह, कोलखास आणि चिखलदऱ्याची कॉफी अशी त्याची फेरी वेगळी करा.