आधी नद्या, मग रस्ते

सह्याद्रीत सायकलचा मार्ग आखायला बसलो की सुरुवातीला मी रस्त्यांकडे बघतच नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा नकाशा जमिनीवर पसरतो, निळी पेन्सिल घेतो आणि नद्या गिरवतो. नीरा, कृष्णा, कोयना, वशिष्ठी, शास्त्री. मोठ्या ओढ्यांनाही सोडत नाही. पाणी कुठून कुठं जातं हे कागदावर उमटलं की मधल्या रांगा आपोआप उठून दिसायला लागतात. कुठला रस्ता आपला आणि कुठला नाही, हे त्यानंतर ठरवायचं. डोंगरात सायकलवाल्याचे कष्ट किलोमीटरवर ठरत नाहीत. रस्ता नदीच्या सोबतीनं जातो की नद्या आडव्या ओलांडतो, त्यावर ते ठरतात.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेला पूर्वेकडे फाटे फुटतात आणि दर दोन फाट्यांमधून एक नदी देशावर उतरते. त्यामुळे पुण्याहून दक्षिणेला निघालात की कात्रज चढायचा, नीरेच्या खोऱ्यात उतरायचं, मग खंबाटकी चढून कृष्णेच्या खोऱ्यात. प्रत्येक खोऱ्याची जकात म्हणजे एक घाट. तेच भोरवरून पश्चिमेला वळलं, तर रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं वरंध घाटाच्या तोंडाशी नेऊन सोडतो. चढ तिथंही आहे, पण तो सबुरीनं येतो.

या हिशेबात मला सर्वांत आवडणारा मार्ग कराडहून निघतो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून पूर्वेला कराडच्या प्रीतिसंगमाकडे जाते. आपण उलट दिशेनं, तिच्या अंगाअंगानं वर सरकायचं. कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. पन्नासेक किलोमीटरच्या या पट्ट्यात खोरं हळूहळू अरुंद होत जातं, उसाची जागा भात घेतो, हवा ओलसर होते, पण सायकलचा सर्वांत हलका गिअर क्वचितच लागतो. घाटमाथा आला हे पायांना कळतच नाही. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आल्यावर एकदम समोरची जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. इतका मोठा सह्याद्री, आणि नदीचं बोट धरलं तर पूर्वेकडून तो असा सहज ओलांडता येतो. पश्चिमेकडून येणाऱ्याला मात्र चिपळूणपासून ही सगळी भिंत चढावी लागते. दोन्ही दिशांनी केल्याशिवाय हा डोंगर कळला असं मी म्हणणार नाही.

उतरताना घाई करू नये. हा गुहागर-विजापूर महामार्ग आहे, मालट्रक भरपूर असतात, म्हणून मी कुंभार्लीची वेळ नेहमी उजाडतानाची ठेवतो. रिम ब्रेक असतील तर ते सतत दाबून धरू नयेत. जोरात दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत आणि दर काही वळणांनी थांबून रिमजवळ हात नेऊन धग बघावी. पॅनिअरमध्ये बारा-पंधरा किलो सामान असताना ही धग लवकर चढते.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. निसर्गानं पूर्वेला पाठवलेलं कोयनेचं पाणी माणसानं बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, त्यावर वीज केली आणि ते अवजल वशिष्ठीत सोडलं. म्हणून भर उन्हाळ्यातही चिपळूणची वशिष्ठी वाहती दिसते. सकाळी कोयनानगरला जे पाणी डाव्या-उजव्या हाताला होतं, त्यातलंच काही दुपारी चिपळूणच्या पुलाखाली भेटतं. पाण्यानं डोंगराच्या पोटातून आणि आपण डोंगरावरून केलेला हा एकच प्रवास. हे ठाऊक असलं की मार्ग नकाशावरची रेघ राहत नाही.

चढाच्या प्रतीबद्दलही बोलायला हवं. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १,२९० वर. मधल्या पसरणी घाटाच्या रस्त्यानं अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. सामान लादलेली सायकल हा चढ न उतरता, बोलत बोलत चढते. जुने घाटरस्ते बैलगाड्यांच्या काळातले. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा भरल्या गाडीच्या बैलाला किती दम लागेल याचा हिशेब करूनच चढ द्यावा लागायचा. तो हिशेब आज सायकलवाल्याच्या उपयोगी पडतो. याउलट अलीकडं वाड्यावस्त्यांना जोडणारे जे रस्ते झाले, ते जीप आणि दुचाकीच्या ताकदीवर सरळ उभे चढवले आहेत. त्या गावांना रस्ता मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. आजारी माणूस डोलीऐवजी गाडीतून खाली येतो, ही लहान गोष्ट नाही. पण मार्ग आखणाऱ्यानं दोन्ही रस्त्यांतला फरक ओळखला पाहिजे. मोबाईलवरचा नकाशा पाच किलोमीटर वाचवतो म्हणून असा रस्ता सुचवतो आणि माणूस सायकल ढकलत बसतो. मी गावात एकच प्रश्न विचारतो: एसटी कुठून जाते? भरलेली एसटी ज्या रस्त्यानं जाते, त्या रस्त्यानं सायकल जाते. हा प्रश्न मला कधी फसवत नाही.

आता किनारा. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, अशी पुष्कळांची खात्री असते. नकाशावर नद्या गिरवलेल्या असल्या की हा गैरसमज राहत नाही. कोकणातल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि किनाऱ्याचा रस्ता उत्तर-दक्षिण. म्हणजे प्रत्येक नदी, प्रत्येक खाडी आडवी. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा.

गुहागरहून हेदवीवरून तवसाळला जाताना हे नीट अनुभवायला मिळतं. वर सड्यावर दूरपर्यंत काळपट कातळ, वाळलेलं गवत, आंबा-काजूच्या बागांभोवती चिऱ्यांचे गडगे, सावली नावाला नाही. मग रस्ता अचानक वळणं घेत खाली पडतो. गारवा लागतो, नारळी-पोफळीचं आगर येतं, कौलारू घरं, देऊळ, ओढ्यावरचा पूल. पूल संपला की तिथूनच घाटी सुरू. वेग जमवायला चार हात सपाटीही मिळत नाही. उतारावर असतानाच पुढचं चक्र लहान करून ठेवावं लागतं, नाहीतर पहिल्याच वळणावर चेन ताणाखाली कुरकुरते आणि पाय टेकावा लागतो. सड्याची उंची फार नसते, शंभर-सव्वाशे मीटर धरा. पण दिवसात पाच वेळा उतरून चढलं की बेरीज पसरणी घाटाएवढी होते.

तवसाळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघताना मात्र सगळा शीण जातो. बोट टेकते, लोखंडी फळी खाली येते, गाड्या आणि दुचाक्या उतरतात, मग आपली सायकल पाण्यानं ओल्या फळीवरून आत न्यायची आणि कठड्याला टेकवून उभं राहायचं. समोर जयगड, खाली शास्त्री नदीचं मुख. पलीकडं उतरलं की अर्थातच पुन्हा चढ. पुढं केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेचा समुद्राला खेटून जाणारा रस्ता.

पाण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि जांभ्यातून निघूनही जातो. एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या अनेक वाड्या टँकरवर असतात. दारात सायकलवाला आला तर तिथली मावशी पाणी नाही म्हणणार नाही. आधी पाणी देईल, मग कुठून आलात विचारेल. म्हणूनच आपण मागू नये. बाटल्या खालच्या बाजारपेठेत भरून घ्याव्यात आणि मार्ग आखताना पाण्याच्या जागांवरही खुणा करून ठेवाव्यात. आठ-दहा जणांचा गट घेऊन जाणाऱ्यानं तर हे पाळलंच पाहिजे.

पावसाळ्यात मी घाटाचे मार्ग कुणाला देत नाही. हिरवे डोंगर आणि धबधबे बघायला मन ओढ घेतं हे मान्य. पण सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं आणि दरडी सांगून येत नाहीत. २२ जुलै २०२१ला महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला, तो अशाच पावसात. वरंध घाट पावसाळ्यात बंद केला जातो तेव्हा कडेनं सायकल काढून पुढं जाणं मला शौर्य वाटत नाही. ‘रस्ता बंद’चा फलक सायकलसाठीही असतो.

पहिल्यांदा निघणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत कराडहून निघा. पहिला मुक्काम कोयनानगर, दुसरा चिपळूण, तिसरा गुहागर. किनाऱ्यावर दिवसाला पन्नास किलोमीटरच्या वर ठरवू नका, आणि तवसाळची शेवटची फेरी किती वाजता सुटते हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.