उमटणे, साठवणे, छापणे

टंकयंत्रावर अक्षर उमटते तेव्हाच ते टिकते आणि तेव्हाच छापलेही जाते. कळ दाबली की खिळा रिबनवर आदळतो, कागदावर ठसा पडतो आणि कागद रोलरवरून काढला की काम संपते. संगणकावर याच एका क्रियेचे चार तुकडे होतात. अक्षर पडद्यावर उमटते, मग ते साठवावे लागते, त्याचे रूप ठरवावे लागते आणि शेवटी ते छापावे लागते. प्रौढ वयात संगणक शिकायला बसलेला माणूस अडखळतो तो बहुतेक वेळा या क्रिया वेगवेगळ्या आहेत हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते म्हणून, असे प्रस्तुत लेखिकेचे ठाम मत आहे. तालुक्याच्या गावी लिपिक-टंकलेखक म्हणून मराठी यंत्रावर बरीच वर्षे काम केल्यावर, २००० नंतरच्या दशकात तिने संगणकाचे प्राथमिक शिक्षण घेतले. पुढील विवेचन त्या शिक्षणाच्या अनुभवावर आधारलेले आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाचे सर्वांत परिचित नाव एमएस-सीआयटी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू केला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक झाल्यावर गावोगावच्या केंद्रांत दोन पिढ्या एकाच बाकावर आल्या. दहावीची परीक्षा देऊन सुटीत आलेली मुले एकीकडे आणि शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, लिपिक दुसरीकडे. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेल्या खोलीत जायचे आणि ठरलेल्या तासात ठरलेल्या संगणकावर बसायचे, अशी पद्धत होती. मुले पाच मिनिटांत सरावत. मोठी माणसे यंत्र बिघडेल या धास्तीने कळीला बोट लावायला कचरत. ही धास्ती अडाणीपणाची नसते. कार्यालयात ज्याने वस्तूंच्या नोंदवहीवर सही केलेली असते त्याला सरकारी वस्तू बिघडण्याचा अर्थ ठाऊक असतो.

अभ्यासक्रमाची सुरुवात बहुधा व्याख्यांनी होई: संगणकाच्या पिढ्या, इनपुट आणि आउटपुट साधने, मेमरीचे प्रकार. हे पाठ करून गुण मिळतात, पण हात जिथल्या तिथे राहतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते पहिला पूर्ण आठवडा हाताला द्यावा.

हाताची पहिली अडचण माउस. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर प्रात्यक्षिकात दाखवलेले हे साधन वापरायला सोपे मानले जाते. मात्र ते सोपे वाटते ते सवय झाल्यावर. माउस टेबलावर आडवा सरकतो आणि बाण उभ्या पडद्यावर फिरतो. हात पुढे नेला की बाण वर जातो, हा संबंध डोळ्याला आणि मनगटाला नव्याने जोडावा लागतो. टेबलाची कड आली की माउस उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो आणि उचललेला असताना बाण हलत नाही, हे कोणी सांगितले नाही तर शिकणारा टेबलाच्या कडेशी झगडत राहतो. दोनदा क्लिक करताना दोन टिचक्यांच्या मध्ये हात किंचित सरकतो आणि यंत्र त्यांना दोन वेगळ्या टिचक्या समजते. यावर साधा उपाय आहे. तळहात टेबलाला टेकवून फक्त तर्जनी हलवायची, आणि तरीही जमत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन डबल-क्लिकचा वेग कमी करून घ्यायचा. केंद्रात पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायला लावत, तो वेळेचा अपव्यय नव्हता. १९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेल्या या खेळात पत्ता धरून, ओढून, योग्य जागी सोडावा लागतो. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेताना हात नेमके हेच करतो.

कळफलकाशी टंकलेखकाची ओळख जुनी असते. इंग्रजी अक्षरांची मांडणी टंकयंत्रावरूनच संगणकावर आली, त्यामुळे न पाहता टाइप करणारी बोटे इथेही जागा शोधून घेतात. फक्त जोर बदलावा लागतो. यंत्राच्या कळीला ठोका द्यावा लागतो, संगणकाच्या कळीला स्पर्श पुरतो, आणि कळ दाबून ठेवली तर एका ‘क’च्या जागी ओळभर ‘क’ येतात.

बदलायला खरोखर कठीण अशी एक सवय असते. टंकयंत्रावर ओळ संपत आली की घंटा वाजते आणि कॅरेज हाताने मागे ढकलावी लागते. त्या सवयीने टंकलेखक प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबतो. पडद्यावर मजकूर व्यवस्थित दिसतो, पण समास बदलला किंवा मध्ये एखादा शब्द घातला की सगळ्या ओळी भलत्याच जागी तुटतात. संगणक ओळ स्वतः वळवतो, एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. त्याचप्रमाणे शीर्षक मधोमध आणण्यासाठी अक्षरे मोजून निम्म्या जागा सोडण्याचे कौशल्य इथे लागत नाही. मजकूर निवडून मध्यभागी आणण्याचे बटण दाबले की पुरते, आणि पुढे अक्षराचा आकार बदलला तरी शीर्षक मध्यभागीच राहते.

चूक दुरुस्त करण्याच्या बाबतीत संगणकाने टंकलेखकाला जे दिले त्याचे मोल त्या यंत्रावर काम केलेल्यालाच कळेल. मूळ प्रत आणि खाली कार्बन लावलेल्या तीन प्रती असताना शेवटच्या ओळीत शब्द गळला तर पान पुन्हा टाइप करावे लागे. कंट्रोल आणि झेड दाबले की मागची कृती रद्द होते. मजकूर कापून किंवा नकलून दुसरीकडे चिकटवता येतो. ही कापण्या-चिकटवण्याची पद्धत लॅरी टेस्लर यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात सहकाऱ्यांसह घडवली. नवशिक्याला ती पहिल्याच आठवड्यात शिकवावी. चूक पुसता येते याची खात्री पटली की धास्तीही जाते.

साठवण्याची क्रिया मात्र डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर रॅममध्ये असतो आणि रॅममधले सगळे वीज जाताच नाहीसे होते. सेव्ह केल्यावरच तो हार्ड डिस्कवर जातो आणि यंत्र बंद झाले तरी तिथे राहतो. रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट, एवढे सांगितले तरी लिपिकाला पुरते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्या वर्षांत भारनियमन तासन्‌तास चाले. वीज गेली की यूपीएस पिपाणीसारखा आवाज करू लागे आणि खोलीतल्या प्रत्येकाचा हात कंट्रोल-एसकडे जाई. यूपीएसची बॅटरी थोडा वेळच टिकते. तेवढ्यात फाइल सेव्ह करून यंत्र रीतसर बंद करायचे असते. दर परिच्छेदानंतर सेव्ह करण्याची सवय या भारनियमनाने जितक्यांना लावली तितक्यांना कोणत्याही पुस्तकाने लावली नसेल.

सेव्ह केलेली फाइल कुठे गेली, हा पुढचा प्रश्न. नाव न बदलता सेव्ह केलेल्या फाइली ‘डॉक्युमेंट १’, ‘डॉक्युमेंट २’ अशा नावांनी साचतात आणि शोधताना प्रत्येक उघडून पाहावी लागते. आवक-जावक नोंदवही सांभाळलेल्या माणसाला ही शिस्त नवी नाही. प्रस्तुत लेखिकेने विषयवार फोल्डर केले, वर्षवार उपफोल्डर केले आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहायला सुरुवात केली. या क्रमाने लिहिलेल्या तारखा संगणक आपोआप कालक्रमाने लावतो. आधी दिवस लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येतात. जावक क्रमांक जसाच्या तसा फाइलचे नाव म्हणून देता येत नाही, कारण शासकीय क्रमांकात तिरप्या रेघा असतात आणि विंडोज फाइलच्या नावात तिरपी रेघ स्वीकारत नाही. तिथे आडवी रेघ घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट जाणून असावी: हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमधून परत आणता येते, पण फ्लॉपी किंवा पेन ड्राइव्हवरून पुसलेली सहसा तिथे जात नाही. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर पत्र घेऊन जिल्ह्याच्या गावी जाण्याच्या काळात हे माहीत असणे गरजेचे होते.

आता मराठी अक्षर. मराठी माणसाच्या संगणक शिक्षणाचा हा गाभा असायला हवा होता, पण बहुतेक ठिकाणी तो शेवटी, उरल्यासुरल्या तासात उरकला जाई. लेखिकेला याची खंत आहे. ज्या दिवशी पडद्यावर आपल्या लिपीत आपले वाक्य दिसते त्या दिवशी यंत्र शिकणाऱ्याचे होते.

सुरुवातीच्या काळात मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिला जाई. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, फक्त फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. त्यामुळे तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर पत्र उघडले की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसे, आणि पाठवणारा व घेणारा दोघेही हवालदिल होत. युनिकोडने हा घोळ मुळापासून मिटवला. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे. विंडोज एक्सपीमध्ये मात्र भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करून घ्यावी लागे, आणि ती कशी करायची हे अनेक केंद्रचालकांनाही ठाऊक नसे. एकदा ती झाली की मंगल हा फॉन्ट हाताशी येई. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी तो आखला होता.

युनिकोडसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी शिकताना टंकलेखकाला जुनी सवय सोडावी लागते, आणि इथे कष्ट आहेत. टंकयंत्र डोळ्याच्या क्रमाने लिहिते. ‘किती’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग ‘क’. ‘कार्य’ लिहिताना ‘का’, ‘य’ आणि सर्वांत शेवटी रफार. इनस्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने लिहिते: ‘किती’त आधी ‘क’, मग वेलांटी; ‘कार्य’मध्ये आधी ‘का’, मग ‘र’, मग हलन्त, मग ‘य’. रफार कुठे बसवायचा ते संगणक ठरवतो. डाव्या हाताकडे मुख्यतः स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. मांडणीमागे वर्णमालेची समज आहे, म्हणून बाराखडी पक्की असलेल्या माणसाला ती लवकर बसते. जोडाक्षरासाठी अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा शोधाव्या लागत नाहीत, एक हलन्त सगळे काम करतो.

एका मराठी बारकाव्याकडे शिकवणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’ या शब्दांत रफार नसतो. तिथे ‘र’चे आडवे अर्धे रूप लागते. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ टाइप केले की ‘दुसर्या’ असे चुकीचे रूप उमटते. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली की खाली टिंब असलेला ‘ऱ’ येतो. त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला की ‘ऱ्य’ नीट होतो. शासकीय पत्रांत, फलकांवर आणि वर्तमानपत्रांतही ‘शेतकर्यांना’ असे छापलेले दिसते, त्याचे कारण बहुधा ही एक कळ माहीत नसणे हे असते. भाषेच्या शुद्धतेची काळजी असलेल्या प्रत्येकाने ती शिकून घ्यावी.

हिशेबाच्या कामाला एक्सेल येते. सूत्र बरोबरच्या चिन्हाने सुरू करायचे आणि त्यात आकड्यांऐवजी घरांचे पत्ते द्यायचे, हे तत्त्व समजले की पगारपत्रकातला महागाई भत्त्याचा दर एका घरात बदलून सर्वांची रक्कम नव्याने मिळते. पूर्वी दर बदलला की सगळे पत्रक नव्याने मांडावे लागे. पण एक्सेल लिहिलेल्याचा अर्थ स्वतः लावते, आणि तो अर्थ कार्यालयाच्या अर्थाहून वेगळा असू शकतो. घरात ‘७/१२’ लिहिले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. एसटीडी कोडच्या सुरुवातीचे शून्य गळून पडते. अशा वेळी आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचे, म्हणजे लिहिलेले जसेच्या तसे राहते. घरात चौकड्यांची रांग दिसली तर हिशेब चुकलेला नसतो, रकाना अरुंद असतो. तो रुंद केला की आकडा दिसतो.

छपाई सर्वांत शेवटी येते, आणि तिला पूर्वतयारी लागते. छापण्यापूर्वी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये पान पाहून घ्यावे. कागदाचा आकार मुद्दाम तपासावा, कारण प्रिंटरमध्ये ए-४ कागद आणि फाइलमध्ये लीगल आकार असेल तर शेवटच्या ओळी कापल्या जातात किंवा पुढच्या पानावर जातात. दुरुस्ती एकाच पानात असेल तर प्रिंटच्या चौकटीत त्या पानाचा क्रमांक लिहून तेवढेच छापावे. डावा समास मोठा ठेवावा, कारण फाइलला लावताना पंचाची भोके आणि टॅग तिथेच येतात आणि समास कमी असेल तर ओळीची पहिली अक्षरे दोरीखाली जातात.