काकवी की भुकटी

मिलवॉकीतल्या आमच्या घरी मी पहिल्यांदा बिअर केली, तेव्हा मला हलकी, सोनेरी एल हवी होती. महिन्याभराने बाटली उघडली तर ग्लासात कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी उतरलं. घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी शाईसारखी चव रेंगाळत राहिली. दुसऱ्या खेपेला यीस्ट बदललं, पाणी बदललं, भांडी दोनदा निर्जंतुक केली. तरी तोच रंग आणि तीच चव. दोष माल्टच्या डब्यात होता, आणि तो दाखवून द्यायला आण्णांना कोल्हापूरहून यावं लागलं.

आण्णा माळकरी आहेत. त्यांच्यासमोर बिअर करायची म्हणजे मला फार संकोच वाटत होता. पण करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं आणि त्यांची उमेदीची सगळी वर्षं काहिलीपुढे गेलेली. गोड रस आटल्याचा वास घरभर पसरला, तसे ते उठून शेगडीपाशी आले.

"ह्यात दारू हाय का?"

"नाही आण्णा, अजून नाही. मोड आलेल्या जवाचा आटवलेला रस आहे हा."

त्यांनी डब्यातलं माल्ट सिरप बोटावर घेतलं, उजेडात धरलं, जिभेला लावलं. "शिळी काकवी हाय ही," म्हणाले.

मी डब्यावरची तारीख पाहिली. दीड वर्षापूर्वीची होती.

आई नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करायची. माल्टची सुरुवात तशीच होते. मोड आलेले जव वाळवून भरडतात आणि 65 ते 67 अंशांच्या पाण्यात ठेवतात. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं पिठाची साखर करतात. ते गोड पाणी आटवलं की सिरप होतं, आणि त्यात साधारण पाचवा हिस्सा पाणी उरतं. तेच पाणी गरम हवेत फवारून पार उडवलं की भुकटी मिळते. सिरपातल्या त्या उरलेल्या पाण्यामुळे साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी खेळत राहतात. फडताळात नुसता ठेवलेला डबाही महिनोन्‌महिने आतून काळवंडत जातो. पाव भाजताना कवचावर जो रंग चढतो, त्याच जातीची ही क्रिया. भुकटीत ती जवळजवळ थांबलेली असते.

या डब्यांना मिलवॉकीत जुना इतिहास आहे. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात पाब्स्टसारखे इथले बिअरवाले माल्ट सिरप विकून तग धरून राहिले. लोक ते घरी नेऊन गुपचूप बिअर करत. घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली ती मात्र 1978 मध्ये, जिमी कार्टर यांच्या सहीने.

पुढच्या खेपेला मी भुकटी आणली. 19 लिटरला 2.7 किलो सिरप लागायचं, तिथे सव्वादोन किलो भुकटी पुरली. रसातली साखर जोखणारा हायड्रोमीटर दोन्ही वेळा 1.043 च्या आसपासच थांबला. पण भुकटीचा स्वभाव वेगळा. उकळत्या पातेल्यावर पिशवी उपडी केली आणि वाफ लागताच तिचे गोळे झाले, डाव चिकटून बसला. आता मी ती गार पाण्यातच कालवतो आणि मग शेगडी पेटवतो. गुठळी होत नाही.

सिरपाची खोड याच्या उलट. ते जड असल्यामुळे थेट तळाशी बसतं आणि करपतं. आण्णांनी ते पाहताच हात धरला होता, "आधी जाळ काढ की रं, मग वत." तेव्हापासून आच बंद करूनच सिरप ओततो, आणि तळ मोकळा होईपर्यंत ढवळतो.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो. बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा उतरायला तासभर उकळावं लागतं. माल्टला एवढ्या उकळीची गरज नसते, ते कारखान्यात आधीच आटवलेलं असतं. म्हणून सुरुवातीला तिसरा हिस्सा घालायचा आणि उरलेलं शेवटच्या पंधरा मिनिटांत. रंग खूपच उजळ राहतो.

सिरप मी टाकून दिलेलं नाही. स्टाउटसारख्या काळ्या बिअरला ताजं सिरप उत्तम, आणि ज्या दुकानात पिंपातला माल आठवड्याला संपतो तिथलं मी डोळे झाकून घेतो. जुन्या तारखेचा डबा मात्र स्वस्त मिळाला तरी घेत नाही. फिकट बिअरला भुकटीच.

भुकटीच्या त्या खेपेच्या बाटल्या तयार होईपर्यंत आण्णा गावी परतले होते. फोनवर त्यांनी पहिलं विचारलं, "रंग कसा आला?" मी ग्लास खिडकीपाशी धरला आणि कॅमेरा तिकडे वळवला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले.

"पिवळाधमक," म्हणाले. "आता जमलं बघ आधण."