न बोलावलेला पाहुणा

उज्जैनजवळ आमचे लहानसे शेत आहे. गेल्या श्रावणात मी आजोबांबरोबर तेथे गेलो होतो. बांधावर गाजरासारख्या पानांची हिरवीगार रोपे दाटली होती आणि त्यांवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी फुले डुलत होती. आजीच्या पूजेसाठी मी ती तोडू लागलो, तोच आजोबांनी माझा हात धरला. "अरे, ही गाजरघास! हिला हात लावू नकोस," असे म्हणून त्यांनी आपली मनगटे दाखविली. वर्षानुवर्षे हे तण उपटून तेथील कातडी काळवंडून खरखरीत झाली होती. पावसाळाभर त्यांना रात्री झोप का येत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

शाळेत मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "हे तण अमेरिका खंडातले. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आपल्याकडे आले असे मानतात. १९५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. एकेक रोप हजारो बिया टाकते. मग ते देशभर पसरावयास कितीसा वेळ लागणार?"

"मग कायदा नव्हता का?" मी विचारले.

"होता तर! परदेशातून येणाऱ्या रोपांवर व बियाण्यांवर निर्बंध घालणारा कायदा १९१४ सालचाच आहे. कर्नाटक राज्याने तर आपल्या कायद्यानुसार १९७५ साली हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले. परंतु तोवर ते शेतोशेती पोहोचले होते."

मी रागाने म्हणालो, "मग परदेशी ते सारेच बंद करावे!"

गुरुजी हसले. "मग मिरची, बटाटा आणि आपल्या माळव्यातले सोयाबीनही सोडावे लागेल. एवढेच काय, हे तण खाणारा भुंगा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला, तोही परदेशीच. मात्र इतर पिकांना त्याचा उपद्रव होणार नाही ना, हे आधी पारखले आणि मगच त्याला मोकळे सोडले."

तेव्हा मला उमगले की, कायदा परक्याचा द्वेष करावयास सांगत नाही. पारख केल्यावाचून दार उघडू नका, एवढेच सांगतो. ती पारख एकदा चुकली आणि तिचे मोल आजोबांची मनगटे आजही देत आहेत.

आता पावसाळ्यात दर रविवारी मी शेतावर जातो. हातमोजे घालून, फूल येण्यापूर्वीच ती रोपे मुळासकट उपटतो. आजोबांना मी बांधावर नुसते बसवून ठेवतो.